पाणचक्कीला दळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला आणि लेणी पाहायला बडोद्यातली पुष्कळ मराठी कुटुंबं जातात. त्यांपैकी बरीच मंडळी छत्रपती संभाजीनगरात खाम नदीकाठच्या पाणचक्कीवरही थांबतात. हौदापाशी फोटो काढायचे, वडाखाली घटकाभर बसायचं आणि बीबी का मकबऱ्याकडे निघायचं, असा तो थांबा असतो. त्या थांब्याविषयी थोडं लिहितो.

ही चक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दर्ग्यात उतरणारे फकीर, यात्रेकरू आणि तिथे शिकणारी मुलं यांच्यासाठी लागणारं पीठ तिच्यावर दळलं जायचं. त्यासाठी शहराबाहेरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून, मातीच्या नळांतून, कित्येक किलोमीटर आणलेलं आहे. तेही पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या हिशोबावर. हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचं छत, त्यामुळे ते दालन भर उन्हाळ्यातही गार राहतं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या कारागिरांनी एकाच पाण्याकडून किती कामं करून घेतली!

आपल्या गावाला उताराच्या पाण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १८९०च्या सुमारास बांधलेल्या आजव्याच्या तलावातून पाणी उतारानेच बडोद्यात आलं आणि शहराच्या काही भागाला ते आजही मिळतं. तिथे काही बिघडलं तर त्याच दिवशी घराघरांतून ओरड होते, म्हणून दुरुस्ती होते. पाणचक्कीच्या नहरीसाठी, म्हणजे जमिनीखालच्या त्या पाण्याच्या वाटेसाठी, ओरडणारं कोणी उरलेलं नाही. चक्की पाहुण्यांना दाखवण्यापुरती फिरते, तिच्या पिठावर कोणाची भाकरी अवलंबून नाही. उन्हाळ्यात पाणी आटलं तरी कोणाच्या घरची चूल अडत नाही, आणि माझ्या मते या वास्तूला खरा धोका इथेच आहे.

याच्या उलट चित्र हिमालयात दिसतं. उत्तराखंडात आणि हिमाचलात ओढ्यांच्या काठी घराट आहेत, म्हणजे तिथल्या पाणचक्क्या. चारधामला गेलेल्यांना रस्त्याच्या कडेला दगडी भिंतींची ती बुटकी खोपटी दिसली असतील. त्यांतले अनेक बंद पडले, पण काही आजही रोज गहू, मका, नाचणी दळतात. ओढ्याचं पाणी लहानशा पाटाने वळवून लाकडी पन्हळीतून जोरात खाली सोडतात. खाली आडवं चाक असतं, त्याच्या पात्यांवर ते आदळतं. चाकाचा उभा दांडा खालच्या स्थिर दगडातून वर येऊन वरच्या दगडाला धरतो. मध्ये दातेरी चक्रं नाहीत, पट्टा नाही. चाकाचा एक फेरा झाला की दगडाचाही एक फेरा.

मला सर्वांत मोलाची वाटते ती वर टांगलेल्या धान्याच्या टोपलीची युक्ती. टोपलीखालच्या छोट्या पन्हळीला एक काठी बांधलेली असते आणि तिचं दुसरं टोक फिरत्या दगडावर टेकलेलं असतं. दगडाच्या खडबडीत पाठीवर काठी थरथरते, त्या हादऱ्याने दाणे दगडाच्या तोंडात पडतात. पाणी वाढून दगड वेगात आला की दाणेही जास्त पडतात, दगड मंदावला की कमी. माणसाने लक्ष ठेवायचं ते दोन दगडांमधल्या अंतरावर. दांडा किंचित वर उचलला की पीठ जाडसर, खाली घेतला की बारीक. भाखरीला एक, पोळीला दुसरं, हे आपल्याकडे कोणाला समजावावं लागत नाही. दगड सावकाश फिरतो म्हणून पीठ तापत नाही. विजेच्या गिरणीतून आणलेला डबा हाताला किती गरम लागतो ते सगळ्यांना माहीत आहे.

घराटाच्या पाटात गाळ साचला तर गावकरी फावडी घेऊन जातात, कारण संध्याकाळचं पीठ अडलेलं असतं. दळणावळ बऱ्याच ठिकाणी अजूनही धान्यातच दिली जाते. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावली जाते, म्हणजे छिन्नीने ठोकून तो पुन्हा खडबडीत केला जातो. ही देखभाल वारशाच्या प्रेमापोटी होत नाही, गरजेपोटी होते, आणि म्हणून ती पिढ्यान् पिढ्या चालते.

तेव्हा माझी विनंती अशी की संभाजीनगरच्या पाणचक्कीवर पुन्हा नेमाने दळण सुरू व्हावं. बारमाही करणं पाण्याअभावी जमणार नाही, हे मान्य. पावसाळ्यानंतर पाणी असेल तेवढे महिने, आठवड्यातून दोन दिवस केलं तरी चालेल. ज्वारी-बाजरी मराठवाड्याचीच घ्यावी. दगडांना टाकी लावून ते स्वच्छ करून घ्यावेत, पीठ किलो-किलोच्या पिशव्यांतून आलेल्यांना विकावं आणि त्यातला वाटा पूर्वीच्या प्रथेला धरून दर्ग्यात येणाऱ्या गरजूंच्या जेवणाला द्यावा. उरलेला पैसा नहरीच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. डोंगरातल्या ज्या भागात पाणी मुरतं तो बांधकामांपासून मोकळा राहिला तरच हे शक्य आहे, आणि त्यासाठी स्थानिकांचा आग्रह लागेल. तो आग्रह रोजच्या पिठातून येईल, सूचनाफलकातून येणार नाही.

कोणी म्हणेल, मराठवाड्यातल्या चक्कीची काळजी बडोद्याने का करावी? सुट्ट्यांत तिथे गर्दी करणारे आपणही आहोत, म्हणून. यंदा दिवाळीत जाणाऱ्या वाचकांनी तिकीट काढताना एवढंच विचारावं: "आज दळण आहे का? पीठ मिळेल का?" शंभर जणांनी विचारलं तर व्यवस्थापनाला उत्तर शोधावं लागेल. आपल्या रविवारच्या पुरवणीत या विषयाला जागा मिळाली, तर आजव्याच्या आणि पाणचक्कीच्या जलरचनांची माहिती जाणकारांकडून एकत्र लिहवून घ्यावी, ही आणखी एक विनंती.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा