बाबा, आकडा नाही पाठवत

प्रिय आई-बाबा, सलाम.

बाबांचा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, मागे गावदेवी मार्केटचा गोंगाट इतका की अर्धं समजलंच नाही, पण मुद्दा पोचला. चर्चच्या पंचांच्या मीटिंगमध्ये विचारलं ना, की मुलीला अथेन्सला पाठवलं, मंडळीने वर्गणी काढली, तर आतापर्यंत किती जणांनी प्रभूला स्वीकारलं ते सांगा. आणि तुम्ही म्हणालात तिला विचारून कळवतो. तर बाबा, आकडा नाही पाठवत. रागावू नका, पूर्ण वाचा, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा नाहीतर ती चष्मा शोधत बसेल.

तुम्हाला वाटतंय मी इथे चौकात उभी राहून भाषणं ठोकते, तसं काही नाही हो. व्हिक्टोरिया नावाचं मेट्रो स्टेशन आहे त्याच्या जवळ आमचं सेंटर. 2015 मध्ये समुद्रातून 8 लाखांच्या वर माणसं ग्रीसमध्ये आली तेव्हा याच चौकात अख्खी कुटुंबं चादरी टाकून झोपायची, मग 2016 ला पुढे जर्मनीकडे जायचा रस्ता बंद झाला आणि जे अडकले ते अडकले. आता तेवढी गर्दी नसते पण अफगाणी, सीरियन, आफ्रिकेतले लोक येतातच, कुणाकुणाची कागदपत्रं वर्षानुवर्षं लटकलेली. त्यांच्यासाठी वॉशिंग मशीन, अंघोळीची सोय, बाळांचे डायपर आणि दुपारचं जेवण. बस. मी बहुतेक किचनमध्येच असते. (आई, हो, मीच. हस तू.)

किचनमध्ये एक अफगाणी आजी येतात, हेरातच्या. खरं तर त्या जेवायला यायच्या, पण आमचा भात बघून त्यांना राहवलं नाही, सरळ आत आल्या आणि पातेलं हातात घेतलं. झाकणाला पंचा गुंडाळून घट्ट बसवतात, आच मंद करतात, मग थोड्या वेळाने बोट पाण्यात बुडवून पातेल्याला बाहेरून टेकवतात, चुर्र वाजलं की झालं. तळाची सोनेरी खरवड मोडून सगळ्यांना वाटतात. सासू-सुनांच्या हिंदी सिरियल बघून बघून त्यांना मोडकंतोडकं हिंदी येतं, त्यात एकदा मला विचारलं, तुला पगार किती? म्हटलं पगार नाही, आमच्या ठाण्याच्या चर्चची माणसं खर्चाला पाठवतात. मग घरी कोण कोण, तर आईच्या गुडघ्याचं सांगितलं. तेव्हापासून त्या नमाजानंतर आईसाठी दुवा मागतात, आणि भेटल्या की आधी गुडघा विचारतात मग मला. आता हे मी रिपोर्टच्या कुठल्या रकान्यात लिहू सांगा.

तुम्हाला कलमं आवडतात म्हणून सांगते, ग्रीसच्या राज्यघटनेत 13वं कलम आहे, त्यात धर्म बदलायला गळ घालायला मनाई आहे. जो स्वतःहून विचारतो त्याच्याशी आम्ही बोलतो, रविवारची उपासना असते तिला कुणी आलं तर या म्हणतो, पण ताटाबरोबर पत्रक देत नाही.

पण कलम नसतं ना, तरी मी दिलं नसतं. बाबा, तुम्ही ऑफिसमध्ये डबा खाताना काय काय ऐकून घेतलंय ते आईने मला सांगितलंय. दुष्काळात भाकरीसाठी बाटलेले. पणजोबा नगरकडचे, 1900 च्या दुष्काळात आईबाप गेले म्हणून मिशनच्या बोर्डिंगमध्ये आलेलं पोरगं, आणि पुढे दुष्काळ सरला, भाकरी मिळायला लागली तरी ते कुठे परत गेले? जन्मभर गावच्या शाळेत मास्तरकी केली, पहाटे उठून प्रार्थना केली, पण लोकांनी लक्षात काय ठेवलं तर भाकरी. नगरच्या त्या अमेरिकन मिशनचे रिपोर्ट बोस्टनला जायचे, त्यात आपले पणजोबा कुठल्या तरी वर्षाच्या बेरजेत एक म्हणून धरले गेले असतील. मला त्या आजींना तसं धरायचं नाहीये. उद्या त्यांच्या नातवाला कुणी असं ऐकवलं तर?

पंच ऐकणार नाहीत हे मला माहितीये, विशेषतः तुमच्या शेजारी बसतात ते काका. त्यांना बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, 17वा अध्याय काढायला सांगा. प्रेषित पौल इथे जिथे बोलला त्या अरीयपगावर मी जाऊन आले, साधा खडक आहे, लोकांच्या पायांनी इतका गुळगुळीत झालाय की मी दोनदा घसरले, वर पोरंपोरी बिअर घेऊन सूर्यास्ताचे सेल्फी काढतात, आणि पायथ्याशी पौलाचं भाषण ग्रीकमध्ये कोरलेली ब्राँझची पाटी. यरुशलेममध्ये पेत्र बोलला तेव्हा कृत्ये लिहिणारा लूक विश्वास ठेवणारे तीन हजार लिहितो, पण अथेन्सला? काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि ज्यांनी विश्वास ठेवला त्यांत दिओनुस्य आणि दामारी ही दोन नावं, बाकी नुसते इतर. खुद्द पौलाचा अथेन्सचा आकडा नाही, माझा कुठून मागता? पाळकसाहेब यावर काही बोलणार नाहीत, बघा तुम्ही. तरी मंडळीला पटलं नाही आणि पुढच्या वर्षीची वर्गणी थांबवली तर थांबवू देत, वाद घालून बीपी वाढवू नका. मी इथे संध्याकाळी इंग्लिशच्या शिकवण्या घेईन, एका घरी बोलणं झालंय.

आता घरचं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की भाड्याची जागा लिफ्टचीच घ्या, आणि नौपाड्यातच हवी असा हट्ट धरू नका, चर्च लांब पडलं तर रिक्षा आहे ना. आईला डॉक्टरांनी गुडघ्याचं काय सांगितलं ते मला नीट कळवा, "ठीक आहे" चालणार नाही, एक्सरेचा फोटो पाठवा. फोन तुमच्या रात्री नऊला करा, तेव्हा माझे साडेसहा वाजतात आणि भांडी घासून झालेली असतात. आजी पण असतात कधीकधी, आईशी बोलायचं म्हणतायत, दोघींना एकमेकींचं किती कळेल देव जाणे.

तुमची,
सोनू