मा. मंत्रिमहोदयांना खुले पत्र : मार्चअखेरीची पुस्तके

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, आपण व्यासपीठावरून शब्द दिला होता की ग्रंथालयांच्या अनुदानाचा हप्ता दिवाळीआधी खात्यावर पडेल. टाळ्या आम्ही ग्रंथपालांनीच वाजवल्या. हप्ता पडला तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. मागोमाग फोन : ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा, बिले जोडा, नाहीतर पैसे परत. उशीर सरकारचा, धावपळ आमची.

या धावपळीत पुस्तके कशी घेतली जातात, ते आपल्याला कोणी सांगणार नाही, म्हणून लिहितो. वाचकांनी मागणीवहीत लिहिलेली पुस्तके दहा प्रकाशकांकडची असतात. ती मागवून, चाळून, दाखल करायला महिना लागतो. चार दिवसांत मिळतात ते विक्रेत्याचे तयार संच. पन्नास-साठ टक्के सूट, बिल हातात, गाडी दारात. एवढी सूट परवडते कारण ९६ पानांच्या पुस्तकावर ३०० रुपये किंमत आधीच छापलेली असते.

वर ही पुस्तके टिकत नाहीत. नीट बांधलेल्या पुस्तकात सोळा पानांचा फर्मा, म्हणजे घड्या घातलेला छापील कागद, घडीतून दोऱ्याने शिवतात, त्याला जुजबंदी म्हणतात. संचातल्या पुस्तकांची घडीच पाठीकडून दोन-तीन मिलिमीटर कापतात आणि त्यावर गरम गोंद लावून कव्हर चिकटवतात. पत्र्याच्या छपराखाली दोन उन्हाळे गेले की गोंद कडक होतो. वाचकाने पुस्तक पालथे ठेवले की पाठ तडकते आणि मधली पाने हातात येतात. दुरुस्तीला द्यावे तर घडी शिल्लकच नाही, जुजबंदी करणार कशी? मग बाइंडर पाठीपासून पाव इंच आत टोचे मारून वरून शिलाई घालतो. त्यासाठी आतला समास पाऊण इंच तरी हवा. कागद वाचवायला तो आधीच मारलेला. परिणामी उजव्या पानावर ओळीचा पहिला शब्द शिलाईत जातो, डाव्या पानावर शेवटचा. अशी पुस्तके कपाटात भरायची आणि मग आपले अधिकारी विचारणार, वाचक का घटले?

शिवलेले, कापडी पाठीचे, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालून बांधलेले पुस्तक चाळीस-चाळीस वर्षे फिरते. टाके सैल झाले तर उसवून पुन्हा शिवता येते. रॅक भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर दूर ठेवा, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुस्तके हलवा, वाळवी आणि कसर निम्मी तिथेच आवरते. पण हे करायला माणूस लागतो. त्याचाच हिशेब बघा.

२०१२ नंतर थेट २०२२ मध्ये अनुदान वाढले. त्या वाढीने ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गातल्या ग्रंथालयाचे वर्षाचे ३०,००० रुपये ४८,००० झाले. त्यातले निम्मे पगाराचे. म्हणजे महिन्याला २,०००, दिवसाला ६६ रुपये. रोजगार हमीवर खड्डा खणणाऱ्याला तीनशेच्या आसपास मिळतात, आणि ते त्याच्या कष्टाच्या मानाने कमीच आहेत. आम्ही मात्र दाखल नोंदवही, देवघेव, मासिक अहवाल, वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण आणि झाडलोट एवढे सगळे ६६ रुपयांत करतो. उरलेल्या निम्म्यात वर्तमानपत्रे, वीजबिल, भाडे, फर्निचर. पुस्तकांना राहतात जेमतेम दहा-बारा हजार. आमच्यातले बरेच लोक शिकवण्या, विम्याचे काम, शेती करून ग्रंथालय उघडतात. (किती, ते आपण पडताळा, यंत्रणा आपली आहे.)

यावर आपला तोडगा ई-ग्रंथालय. टॅब वाटा, पुस्तके जागा खातात. टॅबची बॅटरी तीन-चार वर्षांत बसते. ई-पुस्तकांची वर्गणी थांबली की पुस्तकेही गेली. छापील प्रत एकदा दाखल झाली की ती ग्रंथालयाची, भारनियमनातही उघडते. स्पर्धा परीक्षेची मुले दिवसभर मोबाईलवर असतात, अभ्यासाला मात्र छापील पुस्तक मागतात. (पेन्सिलीने खुणा करून ठेवतात, ते भांडण वेगळे.)

रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे. तेव्हा राज्य ईस्ट इंडिया कंपनीचे होते. आपला ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. २०१२ च्या ग्रंथालय पडताळणीनंतर आपण ग्रंथालयांची नवी मान्यता आणि दर्जावाढ कितीतरी वर्षे गोठवून ठेवली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, तेव्हा पेढे वाटायला पैसे होते. संमेलनाच्या मांडवाला असतात, जाहिरातीला असतात, आपल्या फोटोच्या फलकांना तर असतातच. ज्या कपाटात ही अभिजात भाषा ठेवायची, त्याला कुलूप घ्यायचे म्हटले की तीन दरपत्रके आणा.

मागण्या तीनच. पहिला हप्ता जुलैत आणि दुसरा डिसेंबरात द्यावा. न खर्चलेली ग्रंथखरेदीची रक्कम पुढच्या वर्षी वापरू द्यावी. आणि अनुदानातून घेतलेले दीडशे पानांवरचे पुस्तक शिवलेलेच असावे, अशी एक ओळ खरेदीच्या नियमात घालावी. या तिसऱ्या मागणीला तर पैसाही लागत नाही.

आपला,
‘ड’ वर्गातला एक ग्रंथपाल

ता. क. : वाचन प्रेरणा दिनाचा अहवाल छायाचित्रांसह पुन्हा मागवला आहे. त्या दिवशीच्या बॅनरचा खर्च वेतनात दाखवायचा की वेतनेतरमध्ये, तेवढे कळवावे.