समितीच्या टेबलावर पगाराची बोलणी नकोत

संपादक महोदय,

व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हवा, हे आता बहुतेक सगळेच मान्य करतात. घोळ होतो तो सहभाग समिती (व्यवस्थापन आणि कामगार प्रतिनिधींची सल्लामसलतीची समिती) आणि सामूहिक वाटाघाटी (युनियनने करारासाठी मालकाशी केलेली बोलणी) एकच धरल्यामुळे. समितीत पगार, बोनस, पाळ्यांचे तास निघाले की तिथले बोलणे ‘सल्ला’ ठरते, कोणालाच बांधत नाही. पुढे युनियनने तोच मुद्दा मागणीपत्रात घातला, की ‘यावर समितीत चर्चा झाली आहे’ हे उत्तर तयार असते.

हा धोका नवा नाही. निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या आडून युनियनचे स्थान कमकुवत करू नये, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७१च्या १३५ क्रमांकाच्या करारातच म्हटले आहे. जर्मनीत तर कायद्यानेच वाटणी केली आहे: एरवी युनियनच्या करारात ठरणाऱ्या वेतनावर कारखान्यातली कामगार परिषद, म्हणजे तिथल्या कामगारांनी निवडलेली समिती, परस्पर करार करू शकत नाही, युनियनच्या करारातच तशी मुभा असेल तर गोष्ट वेगळी. त्याच देशात २००० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांत १९७६च्या कायद्याने पर्यवेक्षक मंडळाच्या (व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या) निम्म्या जागा कामगारांना मिळाल्या. पण मते समसमान पडली तर अध्यक्षाचे जादा मत असते, आणि अध्यक्ष सहसा भागधारकांचा. निम्म्या जागा म्हणजे निम्मी सत्ता नव्हे!

समितीकडे काम कमी नाही. सुरक्षितता, यंत्रांची मांडणी, प्रशिक्षण, नवे तंत्र आणायच्या आधीची चर्चा हे तिचेच विषय. मात्र उत्पादकतेच्या सूचना मागण्याआधी एक लेखी हमी घ्यावी. आठ जणांचे काम सात जणांत कसे बसेल, हे कामगारानेच दाखवून दिले आणि आठव्याला घरी पाठवले, तर त्या समितीपुढे पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. सूचनेमुळे जागा कमी झाली तर त्या माणसाला त्याच पगारावर दुसरे काम, हे युनियनशी झालेल्या करारातच हवे. समितीच्या ठरावाला तेवढे वजन नसते.

कार्यसूची आकडेवारीसह आठवडाभर आधी मिळावी. ऐन बैठकीत हातात पडलेला ताळेबंद वाचायचा कधी? इतिवृत्तावर दोन्ही बाजूंच्या सह्या त्याच दिवशी व्हाव्यात. आणि त्यात ‘विचाराधीन’ हा शब्द आला, तर पुढे जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय प्रतिनिधींनी सही करू नये.

— एक वाचक