लेझरचा पर्याय वेळेवर सांगा

महोदय,

हृदयात स्टेंट असल्याने माझे वडील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात. प्रोस्टेट वाढून लघवी तुंबली, तेव्हा ‘रक्तस्राव होईल, ऑपरेशन नको’ एवढंच ऐकून आम्ही घरी परतलो. आठ महिने कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी आणि तिची पिशवी! डिचोलीच्या बसमध्ये ती पिशवी ते लुंगीच्या घडीत झाकून बसायचे. मला ते बघवत नसे.

लेझरने हे ऑपरेशन होतं, हे फार उशिरा कळलं. हिरव्या लेझरचा ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं; वाढलेला भाग वाफ होऊन जातो आणि खालच्या रक्तवाहिन्या तिथेच बंद होतात. होल्मियम लेझरने तर संत्र्याच्या सालीतून गर सोडवावा तशी गाठ सोडवतात. (गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी थांबवू नयेत.)

वडिलांची नळी लेझरनंतर तिसऱ्या दिवशी निघाली. गोव्यातल्या सरकारी इस्पितळांनी हा पर्याय रुग्णाला मराठी-कोंकणीतून पहिल्याच भेटीत सांगावा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर त्यातला किती खर्च मिळतो, तेही तिथेच कळू द्या.

- एक वाचक, डिचोली