बाबांच्या टाचेखालचा तुमचा तळहात

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात मोहाच्या खोडावरून मचाणावर पाय टाकताना दवाने ओल्या झालेल्या सालीवरून बाबांचा पाय निसटला आणि ते जेमतेम वीतभर खाली येऊन दोरावर थांबले. तुम्ही शिकवलेल्या गाठीने त्यांना धरून ठेवले. सकाळी ते स्वतःच्या पायांनी धुऱ्यावरून घरी आले, चहा घेतला आणि मग मला हे सांगितले. तेव्हापासून तुम्हाला लिहायचे मनात होते.

आमच्या ब्रह्मपुरीकडे धान लोंबीवर आले की रानडुकरे एका रात्रीत बांधीच्या बांधी लोळवतात, आणि वाघाचा वावर वाढल्यापासून जमिनीवर जागल करण्याची हिंमत कोणी करत नाही, हे तुम्ही पाहिलेच आहे. म्हणून झाडावर चढावेच लागते. मागच्या वर्षी खोडाला ठोकलेली बांबूची पायरी निसटली, कमरेला बांधलेल्या दोरीची गाठ सुटली आणि बाबांचा पाय मोडला. ती दोरी देताना दुकानदाराने ‘बैलगाडी लटकवा, तुटणार नाही’ असे सांगितले होते. दोरी खरोखरच तुटली नाही, परंतु गुळगुळीत नायलॉनवर साधी गाठ टिकत नाही, हे सांगण्याची तसदी त्याने घेतली नाही. त्यानंतर गावात सुरक्षिततेचे एक शिबिर झाले. तेथे भाषणे झाली, फोटो निघाले, आणि कुबडी घेऊन बसलेल्या माझ्या बाबांना ‘या वयात झाडावर चढूच नका’ एवढाच सल्ला मिळाला. धान कोणी राखायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. तो दिवस मी अजून विसरले नाही.

तुम्ही तर ऐनाच्या बिया गोळा करायला आला होतात. आमचे तुमच्याकडे काही काम नव्हते आणि तुमचेही आमच्याकडे नव्हते. तरीही दोन संध्याकाळी तुम्ही आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली घालवल्यात. अकरा मिलिमीटरच्या दोरावर सहा मिलिमीटरच्या दोरीचा फास तीनदा गुंडाळायचा, वेढे एकमेकांवर न चढवता शेजारी शेजारी बसवायचे, वजन पडले की ती गाठ दोराला आवळून धरते आणि वजन काढले की बोटांनी वर सरकते. जू-जोत बांधण्यात हयात गेलेल्या बाबांना हे दोनदा पाहून कळले. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 साली ही गाठ जगापुढे मांडली आणि आज अमेरिकेत झाडावर बसून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारे लोकही खोडाभोवतीच्या दोराला ती वापरतात, असे तुम्ही सांगितलेत, तेव्हा बाबांना आजोबांच्या काळातली मचाणे आठवली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली आणि मचाण तेवढे राखणीसाठी उरले. दोर कमरेला न बांधता मांड्यांतून पट्टे जाणाऱ्या हार्नेसला जोडायचा आणि मचाणावर बसल्यावर तो डोक्याच्या वर, ढील न ठेवता बांधायचा, हेही त्यांनी मन लावून ऐकले. त्या रात्री ते वीतभरच खाली आले, ते या शेवटच्या गोष्टीमुळे.

परंतु मला सर्वांत जास्त आठवतो तो तुमचा हात. मोडलेल्या पायाने बाबा पहिल्यांदा दोरावर लटकले तेव्हा तुम्ही त्यांना गुडघाभर उंचीच्या वर जाऊ दिले नाही. ते गाठीवर पूर्ण भार टाकायला घाबरत होते, बोटे गाठीवरून निघत नव्हती. तुम्ही मातीत उकिडवे बसलात आणि त्यांच्या टाचेखाली चार बोटांच्या अंतरावर तळहात धरलात. तो टाचेला टेकवला नाही आणि काढूनही घेतला नाही. ‘सोडा, भिऊ नका’ असे काही तुम्ही म्हटले नाही. अंधार पडेपर्यंत तो हात तेथेच होता. अखेर बाबांनी बोटे सोडली, गाठ कचकन आवळली आणि टाच तुमच्या तळहाताला न टेकता वरच राहिली. त्यानंतरच तुम्ही हात काढलात. माझ्या बाबांची भीती खरी आहे, तिची लाज वाटण्याचे कारण नाही, असे त्या वर्षभरात कोणी मानले असेल तर ते तुम्हीच. ज्याला येते त्याने न येणाऱ्याला खाली न पाहता शिकवावे, असा माणूस आमच्या वाट्याला क्वचितच येतो. म्हणून हे सर्वांसमोर लिहीत आहे.

झटका बसलेला फास पुन्हा वापरू नये, असे तुम्ही बजावले होते. त्याचे वेढे एका जागी चकाकून ताठर झाले होते, म्हणून चुकूनही कोणी घेऊ नये यासाठी मी तो कापून टाकला आणि नागपूरहून सहा मिलिमीटरचीच नवी दोरी मागवून नवा फास बांधला. दोन्ही टोके जाळून घेतली आहेत, शेपट्याही लांब सोडल्या आहेत. बाबा म्हणतात, गाठ बरोबर आहे. तरीही बिया गोळा करायला पुन्हा या बाजूला आलात, तर एकदा ती तुमच्या हाताने ओढून पाहावी, अशी विनंती आहे.

आपली,
मोहाच्या झाडाखालच्या बांधीवाल्यांची मुलगी