सिस्टर, तुम्ही कोपरापर्यंत हात धुतलेत

आदरणीय सिस्टर,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही बेळगावला मुलीकडे राहायला गेलात त्याला दीड महिना झाला. निघताना जिन्यात मी आभार मानायला लागले, तर "चल, बस चुकेल माझी" म्हणून पाठीवर थाप मारलीत आणि उतरून गेलात. तोंडातच राहिलेलं ते बोलणं आज सगळ्यांसमोर लिहिते आहे. कारण परवा माझ्या अळिंबीच्या बियाण्याच्या १२ पैकी १२ पिशव्या पांढऱ्याशुभ्र निघाल्या. एकीवरही हिरवा ठिपका नाही, एकीलाही आंबूस वास नाही. फडताळात त्या ओळीने लावल्या आणि मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडं मागचं सांगते. सिस्टर आमच्या समोरच्या दारी राहायच्या. मिरजेत ३१ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काम करून निवृत्त झालेल्या. मी घरी शिवणकाम करते, आणि दोन वर्षांपासून धिंगरी अळिंबीचं (ऑयस्टर मशरूमचं) बियाणं स्वतः तयार करायची धडपड करते आहे. हे बियाणं म्हणजे उकडून निर्जंतुक केलेल्या ज्वारीवर वाढवलेली बुरशी. त्या ज्वारीवर आपल्या बुरशीच्या आधी दुसरं कुणी पोचलं की सगळं वाया. शेतात आपण जिला मित्रबुरशी म्हणून पैसे मोजून आणतो ती हिरवी ट्रायकोडर्मा, तीच इथे वैरीण होते. चार दिवस पिशवी छान पांढरी होत जाते आणि पाचव्या दिवशी सकाळी कोपऱ्यात हिरवं दिसतं.

माझ्या लागोपाठ २३ पिशव्या अशा गेल्या.

सुरुवातीला मी एका दिवसाचं प्रशिक्षण घेतलं होतं. शिवणाचे साठवलेले ३,५०० रुपये भरले. प्रमाणपत्र मिळालं, फोटो झाला. "तुमचा माल आम्हीच उचलू" असं माइकवरून तीनदा सांगितलं. त्यांच्याकडूनच घेतलेल्या बियाण्याच्या चार पिशव्यांपैकी तीन घरी आणेपर्यंत आंबल्या होत्या. फोन केला तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरात स्वच्छता नसणार." आणखी एकाने सांगितलं, लॅमिनार फ्लोचं, म्हणजे गाळलेली हवा सोडणारं, यंत्र घ्या, नाहीतर हा नाद सोडा. त्या यंत्राची किंमत ऐकून मी फोन ठेवला. पण किमतीपेक्षा ते पहिलं वाक्य मला लागलं. ज्या बाईचा ओटा रोज रात्री पुसून कोरडा होतो तिला हे ऐकवायचं, आणि तेही तिचे पैसे खिशात घालून. अजून आठवलं की कान तापतात. त्यांनी माझी एकही पिशवी पाहिली नव्हती.

तुम्ही आलात त्या संध्याकाळी माझ्याकडे काय होतं? कपडे ठेवायचा पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा, ३४० रुपयांचा. तो पालथा घातलेला, आणि पत्र्याचा डबा तापवून त्याच्या कडेने पुढच्या बाजूला हात जातील अशी दोन भोकं पाडलेली. पिशव्यांत बुरशी सोडायचं काम त्याच्या आत, उघड्या हवेपासून दूर करायचं. कडा वितळून वाकड्या झालेल्या. पाहुणे आले की मी त्यावर चादर टाकायची, इतकी मला त्याची लाज वाटायची. तुम्ही साखर मागायला आला होतात. चादर सरकलेली होती. "हे काय गं?" विचारलंत. मी चाचरत सांगितलं. वाटलं, आता हसाल.

तुम्ही घड्याळ काढून ओट्यावर ठेवलंत. बांगड्या काढल्यात. बाह्या वर सारल्यात आणि आमच्या नळाखाली हात धुवायला लागलात. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगट आणि मग थेट कोपरापर्यंत. घाई नाही, बोलणं नाही. हात वर धरून पाणी कोपरावरून गळू दिलंत. मग सवयीने कोपराने नळ बंद करायला गेलात. आमचा नळ फिरकीचा, तो कोपराला दाद देईना. तेव्हा ओले हात तसेच वर धरून मला म्हणालात, "बंद कर गं."

सिस्टर, हे पत्र त्या "बंद कर गं"साठी आहे. ३१ वर्षं ज्या हातांनी शस्त्रक्रियेची हत्यारं मांडली, ते हात माझ्या वाकड्या भोकांच्या डब्यात घालण्याआधी तुम्ही तसेच धुतलेत. उद्या कुणाचं पोट उघडायचं असावं तसे. माझ्या कामाला काम म्हणून पाहणारं तोवर कुणी भेटलंच नव्हतं. मी नळ बंद केला तेव्हा माझा हात थरथरत होता. तुम्हाला दिसलं असेल, पण तुम्ही काही बोलला नाहीत.

मग तुम्ही खराब झालेली पिशवी उजेडाकडे धरून पाहिलीत आणि मला दोनच प्रश्न विचारलेत. काम सुरू करण्याआधी मी काय करते? आणि पंखा कधी बंद करते? मी अभिमानाने सांगितलं, आधी खोली झाडून घेते, फरशी पुसते, ती वाळावी म्हणून पंखा लावते, वाळली की लगेच बसते. तुम्ही हळूच म्हणालात, "अगं, स्वच्छ वेगळं आणि निर्जंतुक वेगळं. घर तुझं स्वच्छच आहे. पण केरसुणीने तू सगळी धूळ उठवतेस आणि ती बसायच्या आत डबा उघडतेस."

मग खिडकीतून आलेला कवडसा दाखवलात. त्यात कण नाचत होते. बुरशीचे बीजाणू काय, जंतू काय, ते अशाच धुळीबरोबर हवेत तरंगतात, आणि हवा थांबली की हळूहळू खाली बसतात. त्या महागड्या यंत्रात हवा बारीक गाळून एका दिशेने सोडतात. आपल्या डब्यात ती नुसती थांबवायची. झाडणं आदल्या रात्री, पंखा तासभर आधीपासून बंद, आणि डब्यात हात घातले की ते दुधाच्या भांड्यावर साय धरताना हलवावेत इतके सावकाश. धाकटीच्या पुस्तकात लुई पाश्चरची हंसाच्या मानेसारखी बाटली आहे. १८६० च्या सुमाराचा तो प्रयोग. बाटलीचं तोंड उघडं, तरी धूळ वाकड्या मानेत अडकायची आणि आतला रस नासायचा नाही. ते चित्र मी कितीदा पाहिलं होतं, पण माझ्या डब्याशी त्याचं नातं तुमच्यामुळे कळलं.

एकदाच रागावलात. मी डब्यात स्पिरिट फवारून आतच दिवा पेटवायला निघाले होते. तुम्ही माझं मनगट धरलंत. बंद जागेत स्पिरिटची वाफ साठते आणि भडका उडतो, चेहरा जाईल, म्हणालात. त्या दिवसापासून दिवा डब्याच्या बाहेर, लांब, आणि स्पिरिट पूर्ण उडाल्यावरच. कुकरचंही तसंच. मी शिट्ट्या मोजायचे, डाळीसारख्या. तुम्ही सांगितलंत की हत्यारांना १२१ अंशांवर पाव तास पुरत असला तरी ज्वारीच्या पिशवीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला फार वेळ लागतो. म्हणून मंद आचेवर दीड तास, आतलं पाणी आटणार नाही हे बघून, आणि मग कुकर आपोआप गार होऊ द्यायचा. घाईने शिटी उचलायची नाही. बाकीचं इथे लिहीत नाही, माझ्या वहीत तुमच्या अक्षरात आहे. त्या पानावर हळदीचा डाग पडला आहे, तोही मी पुसणार नाही.

मला राहून राहून वाटतं, शिकवणारे सभागृहात बसतात आणि खरं शिकलेलं माणूस समोरच्या दारी साखर मागायला येतं. मिरज-सांगलीत तुमच्यासारख्या किती सिस्टर असतील, किती प्रयोगशाळा सहायक, कंपाउंडर, ज्यांच्या हातात आयुष्यभराची शिस्त आहे आणि निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारत नाही. अशा माणसांना विचारलं तर ती पैसे मागत नाहीत, कमीपणा दाखवत नाहीत. बाह्या वर करतात आणि कामाला लागतात. मला भेटलेली माणुसकी अशी होती.

आणि तुम्ही फोनवर विचारलं होतंत ते सांगायचं राहिलं. हो, भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या. आता हातमोजे फाटत नाहीत. डब्यावर चादरही टाकत नाही. तो दिवाणखान्यातच असतो. परवा नणंद आली आणि विचारलं, हे काय. मी सगळं सांगितलं, तुमच्यासकट.

सोयाबीनच्या काडावर पहिली बेडं, म्हणजे अळिंबी उगवायच्या पिशव्या, पुढच्या आठवड्यात भरते. पहिली तोडणी सुकवून बेळगावला पाठवीन, रश्श्यात घाला. आणि शनिवारी फोन करणार असाल तर साडेनऊनंतर करा. त्याआधी मी हात धुऊन बसलेली असते, उचलता येणार नाही.

तुमची,
समोरच्या दारची