वही मागितलीस म्हणून

नाशिक,
रविवार, दुपार

प्रिय मन्या,

माझी इंग्रजी शब्दांची वही फोनवर मागितलीस. फोटो काढायलाही बसलो होतो, पण थांबलो. ती तुझ्या काही कामाची नाही रे.

सुरुवातीला मीही डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ असंच घोकायचो. 'डाउट' म्हणजे शंका. 'सस्पेक्ट' म्हणजेही शंका. झालं! मग अंबडच्या कारखान्यातून परदेशी गिऱ्हाइकाला मेल लिहिला, 'आय डाउट देअर इज अ क्रॅक इन धिस पार्ट.' मला म्हणायचं होतं, पार्टला तडा असावा. त्याने वाचलं, तडा असेलसं वाटत नाही. आणि माल खुशाल मशीनवर चढवला! पुढचं कीर्तन साहेबांच्या केबिनमध्ये झालं, ते सोड.

त्या रात्री दोन वाक्यं लिहिली, दोन्ही घरातली. 'आय सस्पेक्ट दादा एट द लास्ट पेढा', म्हणजे त्यानेच खाल्ला असणार. 'आय डाउट ही विल ॲडमिट इट', म्हणजे कबूल करेल तर शपथ. त्यानंतर कधी घोळ झाला नाही.

'रिलक्टंट'चा अर्थ कोशात 'नाखूश' सापडला. पण नाखूश माणूस घरीच बसेल. रिलक्टंट माणूस कां-कू करत का होईना, जातो. माझं वाक्य डिसेंबरातल्या पहाटेचं आहे, रामकुंडाच्या पायरीवर आजीसोबत कुडकुडत उभा असलेला मी. तुला ते वाचून थंडी वाजणार आहे का?

शब्द एकटा लिहूच नकोस, त्याची जोडी लिही. आपला चहा कडक, त्यांचा 'स्ट्राँग'. आपला पाऊस जोराचा, त्यांचा 'हेवी'. 'स्ट्राँग रेन' म्हटलंस तर समजेल त्यांना, पण कानाला खटकेल. (आणि 'मंगूस' हा शब्द इंग्रजांनी आपल्या मुंगसावरून उचललाय, तो तुला फुकटात. अनेकवचन मात्र 'मंगूसेस'. 'गूस'चं 'गीस' होतं म्हणून 'मंगीस' करू नकोस.)

रोज पाचच घे. दुसऱ्या दिवशी वाक्य झाकून नुसता शब्द बघ, वाक्य आठवतं का ते पाहा. मग आठवड्याने पुन्हा. जे अडतात तेवढेच पुढच्या पानावर उतरव. मी दर रविवारी सार्वजनिक वाचनालयात हेच करत बसतो, निम्मा वेळ पेपर वाचण्यात जातो ती गोष्ट वेगळी.

'रिलक्टंट'चं तुझं वाक्य उलट टपाली पाठव. सासुरवाडीचं चालेल, वहिनींना दाखवणार नाही.

तुझा,
बाळ्या